फुलांत बुडालेले घर

दारापुढे फुलांचे ताटवे, भिंतीवर चढलेल्या वेली, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि वर निरभ्र आकाश, असे चित्र पाहिले म्हणजे सर्वसाधारण मनुष्य प्रसन्न होतो आणि पुढे चालू लागतो. असल्या चित्रावर विचार करण्याजोगे काही असेल असे त्याला वाटत नाही. लढाईचे चित्र असेल तर त्यामागे इतिहास आहे, राजाचे चित्र असेल तर त्यामागे राज्य आहे. पण फुलांनी भरलेल्या घरामागे काय असणार? एक हौशी चित्रकार, चार रंग आणि एक मोकळी दुपार! असा हा समज आहे. विद्वानांतही तो आढळतो, आणि म्हणूनच त्याची तपासणी करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आमचे म्हणणे असे की, तैलरंगांत रंगविलेले फुलांनी बहरलेले घर ही फार उशिरा शक्य झालेली गोष्ट आहे. ती शक्य होण्यासाठी रसायनशास्त्र, बागायत, आगगाडी आणि युद्धे यांचा इतिहास एका ठिकाणी यावा लागला. हे सिद्ध करण्यासाठी फार दूरदूरचे दाखले गोळा करण्याची आवश्यकता नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे एकच आयुष्य पुरेसे आहे. तो 1840 मध्ये जन्मला आणि 1926 मध्ये वारला, आणि त्यांतील साठएक वर्षे त्याने घर आणि फुले हा विषय काही सोडला नाही.

प्रथम फुलांचा विचार करू. युरोपात फुलांची चित्रे मोनेच्या अडीचशे वर्षे आधीपासून होत होती, आणि त्यांत हॉलंड व फ्लँडर्स येथील चित्रकारांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु त्यांची फुले फुलदाणीतली होती. यान ब्रूगेल या थोरल्या चित्रकाराने 1606 मध्ये मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला पत्र लिहून कळविले होते की, अँटवर्पला न मिळणारी फुले पाहण्यासाठी आपण ब्रुसेल्सपर्यंत गेलो. अठराव्या शतकातला यान व्हान हाउसुम एखादे फूल उमलण्याची वाट पाहत चित्र अडवून ठेवी. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयातील त्याच्या एका चित्राचा काळ 1736 आणि 1737 असा दोन सालांचा आहे, तो यामुळेच. एकाच फुलदाणीत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब शेजारी शेजारी बसलेले दिसतात. निसर्गात जे एकत्र येत नाही ते चित्रकाराने बैठकीत बसून एकत्र आणले. असे चित्र अत्यंत कुशल असते. पण त्यात ऊन नसते, वारा नसतो, आणि घर तर नसतेच. फूल घरात आलेले आहे, घर फुलांत गेलेले नाही.

मग या मंडळींनी बागेतच ठाण मांडून का रंगविले नाही? त्याचे कारण फार साधे आहे आणि ते रंगाच्या पिशवीत आहे. तैलरंग म्हणजे रंगाची पूड तेलात घोटून केलेला लगदा. हे तेल बहुधा जवसाचे असे. जे जवस आपल्या विदर्भात आणि मराठवाड्यात पिकते, ज्याची इवलीशी निळी फुले थंडीत शेतभर डोलतात, त्याच जातीच्या बियांचे हे तेल. फिकट रंगांसाठी अक्रोडाचे किंवा खसखशीचे तेलही वापरीत. ही तेले उडून जात नाहीत, तर हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतात आणि शेवटी कातड्यासारखा थर धरतात. हा गुण चित्राला तारक आणि चित्रकाराला मारक आहे. घोटलेला रंग तसाच उघडा राहिला तर तोही घट्ट होणारच. म्हणून तो डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून दोऱ्याने बांधीत. लागेल तेव्हा पिशवीला खिळ्याने भोक पाडायचे, रंग पिळून घ्यायचा आणि भोक पुन्हा बुजवायचे. ते नीट बुजत नसे. पिशव्या प्रवासात फुटत. सामानाची ही तऱ्हा असता बागेत जाऊन दहा रंग मांडून बसणे म्हणजे रात्र थोडी आणि सोंगे फार! म्हणून बाहेर जाऊन टिपणे करावीत आणि खरे चित्र घरी करावे, हा शहाणपणाचा मार्ग ठरला.

1841 मध्ये जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या मऊ पत्र्याच्या नळीचे पेटंट घेतले. नळी दाबली की हवा तेवढा रंग बाहेर येई, टोपी फिरवून लावली की उरलेला महिनोन्‌महिने ओला राही. आज दात घासण्याच्या वेळी आपण जी नळी दाबतो तिची ही पणजी. शोध एवढासाच, पण त्याने चित्रकाराचे पाय मोकळे केले. नळ्या नसत्या तर आमच्या पिढीची चित्रकलाच झाली नसती अशा अर्थाचे उद्‌गार पुढे रेन्वारने काढल्याचे त्याच्या मुलाने नमूद केले आहे. आम्हांला ते अतिशयोक्त वाटत नाहीत.

पण नळी हा निम्माच भाग झाला. नळीत भरायचे काय? फुलांचे रंग झगझगीत असतात, आणि जुन्या चित्रकाराजवळ झगझगीत रंग मोजके होते. उत्तम निळा म्हणजे लाजवर्दी; तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई आणि फार महाग पडे. एकोणिसाव्या शतकाने ही दैन्यावस्था पालटली. 1797 मध्ये वोकलँ याने क्रोमियम धातू शोधला आणि त्यातून पिवळ्या रंगाची एक नवी मालिका निघाली. 1802 मध्ये थेनार याने कोबाल्टचा निळा सिद्ध केला. 1817 मध्ये कॅडमियमचा शोध लागला, आणि काही दशकांनी त्याचा तेजस्वी पिवळा बाजारात आला. कृत्रिम लाजवर्दी करून दाखविणारास फ्रान्समधील उद्योग-प्रोत्साहक संस्थेने 1824 मध्ये 6,000 फ्रँकचे बक्षीस लाविले, आणि ते 1828 मध्ये गिमे याने पटकाविले. 1859 मध्ये गिन्ये याने क्रोमियमच्याच टिकाऊ हिरव्याचे पेटंट घेतले. जो रंग पूर्वी देवीच्या वस्त्रापुरता जपून वापरावा लागे, तो आता बागेच्या सावलीत सढळ हाताने ओतता येऊ लागला.

त्यातच शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची भर पडली. हा गृहस्थ पॅरिसच्या गोबलँ येथील सरकारी विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपास करता त्याला दिसले की दोष धाग्याच्या रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे. दोन रंग शेजारी ठेवले की एक दुसऱ्याला बदलतो. लाल हिरव्याजवळ अधिक लाल दिसतो, निळा नारिंगीजवळ अधिक निळा दिसतो. 1839 मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आता हे ध्यानात घेऊन फुलांनी भरलेल्या घराकडे पाहा. हिरव्या पानांत लाल फूल, पिवळ्या भिंतीवर जांभळी सावली, केशरी कौलाला लागून निळे आकाश! हा विषय जणू शेव्हरलचा नियम समजावून सांगण्यासाठीच निर्माण झाला होता. ज्याला आपण निसर्गाची उधळण म्हणतो, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी एका कापड-कारखान्यातील तक्रारीतून आली, हे आम्हांला अत्यंत मनोरंजक वाटते.

फुलेसुद्धा नवीच होती, ही गोष्ट बहुधा लक्षात घेतली जात नाही. ज्या डेलियाच्या फुलांनी मोनेची आरंभीची बाग पेटलेली दिसते ती मेक्सिकोची. तिची बियाणी 1789 च्या सुमारास माद्रिदला आली. बागेतल्या मोठ्या शेवंत्या मूळच्या पूर्वेकडच्या. जलप्रवासात रोपे जगविण्यासाठी लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टराने काचेची बंद पेटी काढली आणि रोपवाटिकांचा धंदा भरभराटीस आला. सूचीपत्रे छापली जाऊ लागली, टपालाने कंद मिळू लागले. रंग नळीतून आणि फूल पार्सलातून, अशी दोन्ही बाजूंनी चित्रकाराच्या दारी एकाच काळात आवक सुरू झाली.

आता मोनेकडे वळू. 1866 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पॅरिसजवळच्या व्हील-दाव्रे येथे भाड्याच्या घराच्या बागेत त्याने अडीच मीटर उंचीचे एक चित्र आरंभिले. फुलझाडांमध्ये चार स्त्रिया, असा विषय. एवढे चित्र बाहेर उभे राहून पुरे करायचे हा त्याचा हट्ट होता. वरच्या भागापर्यंत हात पोचावा, पण पाहण्याची जागा बदलू नये, म्हणून त्याने जमिनीत चर खणला आणि कप्पीच्या साहाय्याने चित्रच खाली-वर करण्याची व्यवस्था केली. 1867 च्या सरकारी प्रदर्शनाने ते नाकारले. त्याचा मित्र बाझीय याने ते 2,500 फ्रँकला विकत घेतले आणि महिन्याला 50 फ्रँक याप्रमाणे पैसे फेडावयाचे ठरले, कारण मोनेजवळ तेव्हा रंगालाही पैसे नव्हते. पुढे 1870 च्या प्रशियाशी झालेल्या युद्धात हा बाझीय धारातीर्थी पडला. त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ज्या सरकारी प्रदर्शनाने हे चित्र फेटाळले, त्याच सरकारने ते 1921 मध्ये 2,00,000 फ्रँक मोजून मोनेकडून घेतले. बाझीय ते पाहण्यास उरला नव्हता.

युद्ध संपले, पॅरिसमधील कम्यूनचे रक्तपातही संपले, आणि 1871 च्या अखेरीस मोने सीन नदीकाठच्या आर्जांतय येथे राहावयास गेला. पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकावरून आगगाडीने पाव तासाच्या अंतरावरचे हे गाव. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाने भाड्याने घर घ्यावे, मागे-पुढे चार वाफे करावेत आणि यजमानाने गाडीने शहरात जाऊन यावे, ही राहणी आगगाडीनेच आणली. सरदाराचा वाडा आणि शेतकऱ्याची खोपट यांच्यामधले हे बागेचे लहान घर चित्रकलेला नवीन होते. 1873 मध्ये मोनेने आपल्याच घराचे चित्र केले. वेलींनी झाकलेली भिंत, दारात पत्नी कामीय, अंगणात हातात कडे घेतलेला मुलगा झाँ, आणि ओळीने मांडलेल्या निळ्या-पांढऱ्या कुंड्या, असे ते चित्र आता शिकागोला आहे. त्याच साली रेन्वारने बागेत उभा राहून डेलियाची झुडुपे रंगविणाऱ्या मोनेचेच चित्र काढले. आमच्या विषयाचा याहून सरळ पुरावा कोणता हवा? ईझल, रंगांची पेटी, टोपी घातलेला चित्रकार, फुलांची भिंत, आणि तिच्यामागे शेजाऱ्यांची दाटीवाटीने उभी असलेली घरे, असे सारे काही रेन्वारच्या चित्रात आहे. त्याच बागेच्या मोनेने केलेल्या चित्रात मात्र ही दाटी नाहीशी होते आणि डेलिया माणसांपेक्षा मोठ्या होऊन बसतात. दोघांनीही खोटे रंगविले नाही. पण काय सोडावे याचा निर्णय दोघांचा निराळा होता. फुलांचे चित्र म्हणजे जे दिसते ते उतरविणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

1874 च्या एप्रिलमध्ये या मंडळींनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या दालनात आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून एका वृत्तपत्रकाराने त्यांना चेष्टेने इंप्रेशनिस्ट म्हटले, आणि तेच नाव पुढे इतिहासाने कायम केले. कीर्ती झाली ती हास्यास्पदतेची. पैसा झाला नाही. 1878 मध्ये मोने आणखी दूर, व्हेतय या खेड्यात गेला. दिवाळे निघालेल्या ओशदे या व्यापाऱ्याचे कुटुंबही तेथेच राहावयास आले. दोन संसार, आठ मुले आणि एक घर! 1879 च्या सप्टेंबरमध्ये कामीय वारली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 1881 च्या उन्हाळ्यात, मोनेने व्हेतयच्या बागेचे भव्य चित्र केले. मधोमध पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची सूर्यफुले, वाटेवर लहान मुले, वर उन्हात न्हालेली घरे, आणि पायथ्याशी त्याच निळ्या-पांढऱ्या कुंड्या. चित्रात कर्ज दिसत नाही, मृत्यू दिसत नाही; आणि हे घर काही महिन्यांतच सोडावे लागणार आहे हेही दिसत नाही. यावरून कोणी म्हणेल की हा पळपुटेपणा झाला. आमचे मत तसे नाही. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर भाड्याचे आहे आणि ज्याच्या मुलांची आई नुकतीच गेली आहे, त्याने घराचे आणि मुलांचे चित्र एवढ्या भरघोस उन्हात रंगवावे, यात दुःखाकडे पाठ फिरविणे नसून दुःखाशी घातलेला वाद आहे.

1883 मध्ये तो झिव्हर्नीला आला. सुमारे तीनशे वस्तीचे हे गाव, आणि त्यात गुलाबी भिंतींचे, लांबट, बुटके घर. सात वर्षे भाड्याने राहून 1890 मध्ये त्याने ते 22,000 फ्रँकला हप्त्यांनी विकत घेतले. पन्नाशी गाठताना माणसाला हक्काची भिंत मिळाली! येथून पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. आजवर तो घर पाहून चित्र करीत होता; आता चित्र डोळ्यांपुढे ठेवून तो घर आणि बाग करू लागला. झडपा हिरव्या रंगविल्या. वाफे रंगपेटीतल्या खणांसारखे एकेका रंगाने भरले. दारापासून फाटकापर्यंत जाणाऱ्या रुंद वाटेवर कमानी उभारून गुलाब चढविले आणि खाली नॅस्टर्शियमच्या वेली वाटेवर पसरू दिल्या. 1889 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लातूर-मार्लियाक या रोपवाटिकेच्या मालकाने थंड हवेत टिकणारी रंगीत कुमुदे प्रथम मांडली होती. 1893 मध्ये मोनेने आगगाडीच्या रुळांपलीकडचा जमिनीचा तुकडा घेतला, ओढ्याचे पाणी वळवून तळे करण्याची परवानगी मागितली, आणि पुढल्या साली लातूर-मार्लियाककडे रोपांची मागणी नोंदविली.

गावाने हे मुकाट्याने होऊ दिले नाही. परदेशी झाडांनी ओढ्याचे पाणी विषारी होईल, गुरे मरतील, धुणे धुण्यास पाणी राहणार नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. मोनेला याचा भयंकर संताप आला आणि त्याने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार करून परवानगी मिळविली. मोनेचे चरित्र लिहिणारे या प्रसंगात शेतकऱ्यांच्या अज्ञानाला हसतात. आम्हांला त्यांच्यात सामील होता येत नाही. ज्याचे पोट ओढ्यावर आहे त्याने ओढ्याविषयी साशंक असणे हे अज्ञान नव्हे. सौंदर्याला पाणी लागते आणि ते पाणी कोणाच्या तरी वाट्यातून येते, हा व्यवहार चित्रात दिसत नसला तरी इतिहासाने विसरता कामा नये. बागेत सहा-सहा माळी राबत. त्यांतला एक केवळ तळ्यासाठी होता. तो नावेतून फिरून कुमुदांची पाने स्वच्छ करी. शेजारच्या रस्त्याची धूळ पानांवर बसते म्हणून मोनेने स्वतःच्या पैशाने रस्त्याला डांबर घालविले. एवढे झाल्यावर मग चित्रकार कुंचला हाती घेई.

तो कुंचला कसा चाले हेही पाहण्यासारखे आहे. 1905 मध्ये एका पत्रात मोनेने आपले रंग सांगितले आहेत. सफेदा, कॅडमियमचा पिवळा, हिंगूळ, गडद मंजिष्ठ, कोबाल्टचा निळा आणि क्रोमचा हिरवा, एवढेच ते आहेत. काळ्याला त्यात स्थान नाही. सावली काळी नसते; ती आकाशाचा निळा आणि शेजारच्या वस्तूचा रंग घेऊन येते, हे त्याने अनुभवाने ठरविले होते. फुलांच्या घराचे चित्र करताना खरी अडचण फुलांची नसतेच, ती भिंतीची असते. फूल कसेही ठिपक्याने उठते. पण भिंत सपाट राहिली तर ती पुठ्ठ्यासारखी दिसते, आणि तीही ठिपक्यांनी भरली तर घर विरघळून जाते. भिंतीने उभे राहावे आणि तरीही उन्हाने थरथरावे, हे साधावयाचे असते. मोनेने याचा सराव फुलांवाचून केला. 1892 ते 1894 या काळात रूआँच्या मंदिराची तीसहून अधिक चित्रे त्याने रंगविली. त्यात एकही पाकळी नाही, पण सकाळ, दुपार, धुके यांबरोबर तो दगडच उमलतो आणि मिटतो. प्रकाश पालटला की तो एक चित्र बाजूला ठेवून दुसरे घेई. रंगाचे थर एकावर एक चढत जात आणि तेलाच्या स्वभावामुळे ते सुकावयास दिवस लागत. म्हणून घाईत दिसणारी ही चित्रे वस्तुतः फार सावकाश झालेली आहेत.

येथवरचा इतिहास म्हणजे सिद्धीचा इतिहास झाला. पण आमच्या मते या विषयाचे खरे मर्म पुढेच आहे. 1911 मध्ये त्याची दुसरी पत्नी आलीस वारली. 1912 मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे वैद्यांनी सांगितले. 1914 मध्ये थोरला मुलगा झाँ गेला आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. गावातली माणसे पळाली. मोने बागेत राहिला. झाँची विधवा ब्लांश ही आलीसचीच मुलगी आणि स्वतः चित्रकर्ती. लहानपणापासून ती मोनेची चित्रे आणि ईझल शेतांतून वाहून नेई आणि त्याच्या शेजारी बसून रंगवी. आता तिने घर हाती घेतले. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 12 नोव्हेंबर 1918 रोजी, मोनेने आपला मित्र आणि फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो यास पत्र लिहून विजयाप्रीत्यर्थ दोन चित्रे राष्ट्राला देऊ केली. त्यातूनच कुमुदांच्या प्रचंड चित्रमालेची योजना वाढत गेली.

दृष्टी मात्र जात होती. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळट-तपकिरी होते. ते निळे आणि जांभळे किरण अडविते आणि लाल-पिवळे तेवढे आत सोडते. कोबाल्टचा निळा कोठे संपतो आणि हिरवा कोठे सुरू होतो हे मोनेला डोळ्यांनी सांगता येईना. तो नळीवरची नावे आणि रंगपाटीवरचा ठरलेला क्रम यांवर विसंबून रंग घेऊ लागला. 1922 च्या सप्टेंबरमध्ये डॉक्टर कुतला यांनी तपासले तेव्हा उजव्या डोळ्याला केवळ उजेड-अंधार एवढेच कळत होते. 1923 च्या जानेवारीत त्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैमध्ये पुन्हा करावी लागली. नैसर्गिक भिंग गेल्यावर निळा रंग अनावर होऊन डोळ्यात शिरू लागला. जग आधी लाल-पिवळे झाले होते, ते आता निळे झाले. पुढे रंगीत काचांचे चष्मे आले आणि हळूहळू तोल सावरला.

याच काळात, 1922 ते 1924 या वर्षांत, त्याने गुलाबांच्या बागेतून दिसणारे आपले घर पुन्हा पुन्हा रंगविले. पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात ही चित्रे आहेत. काहींत घर आणि फुले एकाच जाळात पेटल्यासारखी तांबडी-पिवळी आहेत, तर काहींत सारे निळ्या-जांभळ्या धुक्यात बुडालेले आहे. घर कोणते आणि गुलाब कोणता हे चटकन ओळखू येत नाही. छपराची एक तिरकी रेघ तेवढी सांगते की येथे कोणी राहते. नेत्रवैद्यकाच्या अभ्यासकांनी असे सुचविले आहे की, तांबडे घर हे मोतीबिंदूच्या डोळ्याने पाहिलेले आणि निळे घर हे शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने पाहिलेले असावे. कलेचे इतिहासकार यावर म्हणतात की, हा माणूस पन्नास वर्षे वस्तूच्या कडा पुसत आला होता. त्याचा शेवट डोळ्याच्या रोगावर लोटून देऊ नये.

आम्हांला दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे वाटतात, आणि त्यामुळेच या चित्रांचे मोल वाढते. मोनेने आयुष्यभर सांगितले की आपण दिसते ते रंगवितो. आता दिसणेच बेभरवशाचे झाले. आठवणीतले घर काढणे त्याला सहज शक्य होते. ते त्याने चाळीस वर्षे पाहिले होते, आणि तसे गोड चित्र विकत घ्यायला श्रीमंत गिऱ्हाईक तयार होते. त्याने तसे केले नाही. डोळे जे देत होते तेच त्याने घेतले, आणि न पटलेली कितीतरी चित्रे स्वतःच्या हाताने फाडून जाळून टाकली. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा आपल्याच दारापुढे उभा राहून जणू पहिल्यांदाच विचारतो आहे की हे घर खरोखर कसे दिसते! चहाच्या डब्यावरच्या गुलाबी घरात आणि या घरात जर काही अंतर असेल तर ते कौशल्याचे नाही, या प्रामाणिकपणाचे आहे.

5 डिसेंबर 1926 रोजी मोने वारला. 17 मे 1927 रोजी पॅरिसच्या ओरांजरीत कुमुदांची 22 चित्रफलकांची माला लोकांसाठी खुली झाली. ब्लांशने घर आणि बाग आणखी वीस वर्षे जपली; 1947 मध्ये तीही गेली. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या हादऱ्यांनी काचा फुटल्या होत्या. पुढे तण माजले, तळे गाळाने भरले, पूल कुजला. 1966 मध्ये धाकटा मुलगा मिशेल मोटार अपघातात दगावला आणि त्याच्या मृत्युपत्राने घर फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे आले. 1977 पासून व्हान देर केंप यांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि 1980 मध्ये ते जनतेस खुले झाले. वाफे पुन्हा आखताना जुनी छायाचित्रे आणि जुन्या मंडळींच्या आठवणी यांच्याइतकाच चित्रांचाही आधार घेतला गेला.

रंग अमर असतो असे मात्र यावरून कोणी समजू नये. व्हान गॉगने 1890 मध्ये रंगविलेले गुलाबी गुलाब आज जवळजवळ पांढरे झाले आहेत, कारण त्यातला तांबडा उजेडाने उडाला. रेन्वारच्याही एका चित्रातली लाल पार्श्वभूमी अशीच विटली. नळीतल्या फुलालाही कोमेजणे चुकत नाही, फक्त त्याला अधिक वर्षे लागतात. झिव्हर्नीच्या वाफ्यांत दरसाल नवे कंद लावावे लागतात आणि मार्मोतांच्या भिंतीवरची चित्रे मंद उजेडात जपून ठेवावी लागतात. दोन्हीकडे माळीच लागतो. बाग होती म्हणून चित्र झाले, आणि चित्र होते म्हणून मेलेली बाग उठून बसली. फुलांत बुडालेल्या त्या घराचा हिशेब असा उभयपक्षी आहे. त्यातल्या एका पक्षाची देखभाल सुटली तर दुसरा एकट्याने किती काळ तग धरील, हा प्रश्न झिव्हर्नीच्या माळ्याला दर वसंतात पडतो. चित्र पाहणाराने तो एकदा तरी स्वतःस विचारावा.